धाबळीवरचा प्रयोग

पनवेलीत कॉलेज निघालं तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांची पाठ इतकी थोपटली, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांनी नालंदाच उभी केली. उभं कसलं केलं, भाताच्या गिरणीमागचं गोदाम झाडून घेतलं, मध्ये कुडाच्या भिंती घातल्या आणि दारावर पाटी ठोकली. साल एकसष्ट-बासष्टचं. गिरणी चालू झाली की तूस उडत वर्गात यायचा आणि शिकवणाऱ्याच्या डोक्यावर, शिकणाऱ्याच्या वहीवर सारखाच बसायचा. त्या कॉलेजात सगळ्यांना सारखं मिळणारं ते एवढंच.

मानसशास्त्र हा विषय ठेवायला कमिटीची तयारी नव्हती. कमिटीचे चिटणीस भाऊसाहेब गोळे वकील. त्यांचं म्हणणं, मन हे काय शिकायचं असतं? ज्याचं त्याला कळतं. पण विद्यापीठाला एक विषय कमी पडत होता आणि मुंबईहून एम. ए. करून आलेला मोहल्ल्यातला ताहेर मुकादम घरी बसून होता. त्याला वर्षाच्या बोलीवर घेतलं. वर्षाच्या बोलीवर म्हणजे नीट वागलास तर पुढल्या जूनमध्ये बघू. गुरं राखायला ठेवतात तसं.

असा हा मास्तर, आणि त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर वेणू गायकवाड. बाप विठू त्याच गिरणीत पोती उचलायचा. भिंतीच्या अलीकडे मुलगी आणि पलीकडे बाप. घरानं धर्म बदलून पाच-सहा वर्षं झाली होती. गावानं मात्र आपली नजर बदलली नव्हती.

वेणूनं हा विषय का घेतला, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हायस्कुलात असताना एका मास्तरानं तिला फळ्यापाशी उभं करून सगळ्या वर्गाला ऐकवलं होतं, की ह्या लोकांच्या मेंदूची ठेवणच तशी असते, पाठ होईल पण समजणार नाही. वेणू तेव्हा रडली नाही. तिनं मनाशी एवढंच धरलं, की मेंदूची ठेवण जिथे शिकवतात तिथे जायचं आणि हे वाक्य पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते शोधायचं. कॉलेजात आल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून ती इंग्रजी पुस्तक ओळ ओळ खणत होती. ते वाक्य काही सापडत नव्हतं.

सापडत होतं ते भलतंच. पहिल्याच आठवड्यात ताहेर सरांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा काढल्या. एकीच्या टोकांना आत मिटलेली पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली. लांब कुठली ते सांगा म्हणाले. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, दुसरी. भाऊसाहेबांचा पुतण्या कमळाकर होता, त्याला स्वतःच्या हुशारीची भारी खात्री. तो तर म्हणाला, ह्यात विचारायचं काय? सरांनी त्यालाच पट्टी देऊन मापायला लावलं. दोन्ही रेघा सारख्या निघाल्या. मग सरांनी त्याला बाकावर बसवलं आणि विचारलं, आता तर मापलंत, आता कशा दिसतात? कमळाकरनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली. दुसरीच लांब दिसत होती.

“गौर करा,” सर म्हणाले, “कळलं तरी डोळा ऐकत नाही. हा डोळा वकिलाचा असो की हमालाचा, ज्याला आहे तो फसणारच.”

वर्ग हसला. वेणू हसली नाही. बारा गावचं पाणी प्यालेले कीर्तनकार, सुधारक, पुढारी तिनं ऐकले होते, सगळी माणसं सारखी असं सांगणारे. ऐकून घरी गेलं की पाणी वेगळंच. इथे मात्र एका माणसानं खडूच्या दोन रेघा ओढून भाऊसाहेबांच्या पुतण्याला आणि विठू हमालाच्या पोरीला एकाच खड्ड्यात पाडून दाखवलं होतं. त्या दिवसापासून ती ह्या विषयावर जीव टाकू लागली.

सर होतेही तसेच. गैरहजर मुलाला शिव्या देण्याऐवजी, आपण विसरतो कसं हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायचे. हसताना तोंडावर हात धरायचे. कॉलेजला उपकरणं घ्यायला कमिटीनं नकार दिला, तेव्हा ह्या माणसानं स्वतःची नि मित्रांची जुनी कर्कटकं गोळा केली आणि गाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणाऱ्या लोहाराकडे जाऊन त्यांची टोकं घासून बोथट करून आणली. लोहार विचारत होता म्हणे, सायब, लोक टोक काढून घेतात, तुम्ही मोडून काय घेता?

ती बोथट टोकं होती स्पर्शाच्या प्रॅक्टिकलसाठी. प्रयोग साधा. बोटाच्या पेरावर दोन टोकं अगदी जवळजवळ टेकवली तरी माणसाला दोन आहेत हे कळतं. कोपराखाली हातावर तीच टोकं टेकवली तर एकच वाटतं. ती किती लांब नेली म्हणजे दोन कळायला लागतात, ते मोजायचं. एकानं डोळे मिटून हात पुढे करायचा आणि फक्त ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणायचं. दुसऱ्यानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरायचं, हात हलू नये म्हणून, आणि उजव्या हातानं टोकं टेकवायची. शेवटी दोघांनी वर्गापुढे उभं राहायचं. मोजणाऱ्यानं आकडे सांगायचे आणि हात देणाऱ्यानं आपल्याला आत काय वाटलं ते सांगायचं. सरांचा तो नियम होता. दुसऱ्याच्या मनातलं तुम्ही सांगायचं नाही, म्हणायचे.

मुलींचे हात कोपरापर्यंत उघडे पडणार, हे कमिटीच्या कानावर गेलं. लगेच ठराव झाला. मुलींचं प्रॅक्टिकल लाकडी पडद्याआड होईल आणि शिक्षकानं पडद्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. शिक्षक मुकादम आहे हे ठरावात लिहिलं नव्हतं, पण ठराव त्याच्यासाठीच होता. सरांनी मान डोलावली आणि पडदा लावून घेतला.

वर्गात मुली मोजक्या. हजेरीच्या ओळीनं जोड्या लागल्या आणि वेणूच्या वाट्याला आली कुमुद गोळे, भाऊसाहेबांची मुलगी. पहिल्या फेरीत वेणूनं मोजायचं, कुमुदनं हात द्यायचा.

पडद्याआड गेल्यावर कुमुदनं पिशवीतून करड्या लोकरीचा एक तुकडा काढला आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताला गुंडाळला. वेणूला वाटलं, हिला थंडी वाजते की काय. कुमुद खाली बघत म्हणाली, “आजीनं दिलीय. धाबळीला विटाळ नसतो. तू वरून धर.”

घरी कुमुदनं प्रॅक्टिकलचं वर्णन केलं होतं, कोण कुणाचं मनगट धरणार तेही सांगितलं होतं. आजीनं रागावून कॉलेज बंद केलं नाही. उलट ती समजूतदारपणे म्हणाली, की पोरीचं शिक्षण अडायला नको, आपल्यात सोय आहे. सूत बाटतं, लोकर बाटत नाही. पूजेला नेसायची धाबळी फाटली होती, तिचा तुकडा काढून दिला. आपण केवढं मन मोठं केलं म्हणून म्हातारी त्या दिवशी खुशीत होती. मेंढीच्या अंगावरचं चालतं ह्यांना, माणसाच्या अंगावरचं चालत नाही. आणि तेही विषय कुठला, तर कातडीला काय कळतं हा!

कर्कटक टेबलावर आपटून बाहेर जावं असं वेणूच्या मनात आलं. पण प्रॅक्टिकलची वेळ चालली होती. प्रॅक्टिकल अडलं तर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नसलं तर परीक्षेला बसता येत नाही. एक वर्ष गेलं की सरकारी सवलत गेली, आणि पोती उचलणारा बाप दुसऱ्यांदा कुठून शिकवणार? तिनं धाबळीवरून मनगट धरलं आणि सांगितल्याबरहुकूम टोकं टेकवली.

“एक,” कुमुद म्हणाली.

टोकं लांब नेली. एक. आणखी लांब नेली. एक. कर्कटक पुरतं फाकलं, चिरायला लाकडावर ठेवलेल्या बेडकासारखं, तरी कुमुद डोळे मिटून शांतपणे एकच म्हणत होती. वेणूनं जे ऐकलं ते मांडलं.

आठवड्यानं सरांनी तपासून दिलेल्या जर्नलात लाल शाईची ओळ होती. मोजणारीचा हात चुकला, असे आकडे माणसाच्या कातडीचे येत नाहीत, प्रयोग पुन्हा करावा. खाली सही नव्हती.

वेणू ती ओळ वाचत राहिली. पाठ होईल पण समजणार नाही, असं ह्या माणसानं म्हटलं नव्हतं. तरी तिला तेच ऐकू आलं. आणि ज्याच्याकडून ते कधी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं त्याच्याकडूनच आलं, हे जास्त लागलं. त्या पडद्याआड काय झालं हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

विहिरीपाशी कुमुदनं तिला गाठलं. कुमुद वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिनं सुचवलं, की पुन्हा करायची काही गरज नाही, वर्गातल्या दिलशादच्या जोडीचे आकडे थोडे पुढेमागे करून लिहून टाक, कोण बघतंय? वेणू म्हणाली, मग लाल शाईतलं खरं ठरेल, की माझा हात चुकला होता. कुमुदनं इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मला त्या घरात राहायचंय गं.”

“मला ह्या वर्गात राहायचंय,” वेणू म्हणाली.

घरी आई सोनाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीलाच समजावलं. “लोकरीवरनं का व्हयना, हात दिला ना तिनं? आमच्या येलंला सावली पन नाय पडू दिली. लिव दुसऱ्याचा आकडा. कागदाला काय कलतंय?” विठू भिंतीला टेकून बसला होता. वेणूनं त्याचं घोंगडं मागितलं, कोपरा कापायचा म्हणाली. लोकर ती लोकर, पूजेची असो की हमालाच्या खांद्यावरची. विठूनं घोंगडं पुढे सरकवलं. “काठाचा काप. मधी भोक नको पाडू,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं मोहल्ल्यातल्या दिलशादला पडद्याआड नेलं. दिलशाद बडबडी आणि हाताची सढळ. बेशक घे माझी कातडी, म्हणाली, फक्त गुदगुल्या करू नकोस, मी ओरडेन आणि सरांची नोकरी जाईल. वेणूनं आधी उघड्या हातावर मोजलं. मग मलमलच्या रुमालावरून, मग घोंगड्याच्या तुकड्यावरून. पुन्हा उलट्या क्रमानं, कारण सरांनीच शिकवलं होतं की माणूस सरावतो आणि कंटाळतोही, आणि दोन्ही गोष्टी आकड्यांत शिरतात. उघड्या हातावर दिलशादला चारचौघांसारखंच कळत होतं. रुमालावरून थोडं कमी. घोंगड्यावरून कर्कटक पुरतं फाकलं तरी दिलशाद म्हणत होती, एक, एक, आता बास झालं बाई, मला झोप येतेय.

चुकीचा डाग पुसायला सांगितलं, तर ह्या पोरीनं त्या डागाचाच प्रयोग करून टाकला. कुणी शिकवलं होतं तिला हे? पुस्तकात नव्हतं. सरांनी सांगितलं नव्हतं. गावातली शहाणी माणसं अपमान झाला की एकतर मूग गिळतात नाहीतर बोंब मारतात. तिसरी वाट असते, अपमान मोजायची, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

जोड्यांनी उभं राहायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी दिलशादनं विचारलं होतं, सरांना आधी कानात सांगायचं का? वेणू नाही म्हणाली. कानात सांगितलं की ती कागाळी होते. सर्वांपुढे सांगितलं की तो निष्कर्ष होतो.

तिचं नाव पुकारल्यावर ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. आपले पहिले आकडे सांगितले. ते सर्वांहून वेगळे का आले ह्याचा संशय आल्यावरून दुसरा प्रयोग केला, तो कसा केला ते सांगितलं. त्याचे आकडे सांगितले. मग म्हणाली, “पहिल्या प्रयोगात माझ्या जोडीदारणीच्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत धाबळी होती. मी महार घरची आहे म्हणून ती होती. लोकरीतून माणसाला माणूस कळत नाही, असं माझ्या मोजमापावरून दिसतं. माझा हात चुकलेला नाही.”

मग मागच्या बाकांवर कुजबुज सुटली. कमळाकर उभा राहिला, तांबडालाल झाला होता. हा विज्ञानाचा तास आहे की जातीची सभा, असं त्यानं सरांना विचारलं, आणि आज घरी काकांच्या कानावर घालावं लागेल, हेही जोडलं.

सरांच्या चेहऱ्यावर तूस बसला होता, तो त्यांनी पुसला नाही. जून फार लांब नव्हता. घरी म्हातारी आई, आणि नोकरी ह्याच्या काकाच्या हातात. वेणूला त्या क्षणी त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. हा माणूस आता गोड शब्दांत प्रकरण मिटवून टाकेल, प्रयोग नंतर बघू म्हणेल, आणि फळ्यावरच्या त्या दोन रेघा पुन्हा कधी सारख्या दिसणार नाहीत.

सर कमळाकरला म्हणाले, “काकांना जरूर सांगा. आकड्यांसकट सांगा.” मग कुमुदकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. “तुमच्या हातावर काय होतं, आणि तुम्हाला काय कळलं, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. सांगायचं नसेल तर बसा, त्याचे मार्क जाणार नाहीत.”

कुमुद उभी राहिली. चुलतभावाकडे तिनं बघितलं नाही. ती बाकाची कड नखानं खरवडत होती.

“वेणू सांगते ते खरं आहे,” ती म्हणाली. “धाबळी होती. मला काहीच कळत नव्हतं. टोकं टेकलीत की नाही तेही. मी नुसतीच एक एक म्हणत होते.”

सरांनी विचारलं, प्रयोग पुन्हा करायला तुमची तयारी आहे का, आणि कधी? कुमुद म्हणाली, आत्ता. पडदा कुठे लावू, असं शिपायानं विचारलं. सर काही बोलायच्या आत कुमुदच म्हणाली की पडदा नको. तिनं बाही कोपरापर्यंत सरकवली, सगळ्या वर्गापुढे टेबलावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

वेणूनं तिचं मनगट धरलं. गार पडलं होतं, आणि आत नाडी उडत होती. तिनं टोकं टेकवली, लांब नेली, जवळ आणली, क्रम बदलला, कुठेही घाई केली नाही. कुमुद मधूनमधून चुकत होती, जशी माणसाची कातडी चुकते तशी. बाकी ‘दोन’ म्हणत होती तेव्हा ते दोनच होते. आकडा निघाला तो दिलशादच्या शेजारी बसणारा, कमळाकरच्या शेजारी बसणारा, वर्गातल्या कुणाच्याही शेजारी बसणारा.

सरांनी जर्नल मागून घेतलं. आपली लाल ओळ सगळ्यांदेखत खोडली आणि खाली लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक शिक्षकाची, त्याने पडद्यामागे काय चालले आहे ते विचारले नाही. मोजणारीचे काम उत्तम. मग सही केली, तारीख घातली. अशी ओळ लिहायला काय लागतं ते वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या माणसालाच ठाऊक. कमिटीतल्या एकाही गृहस्थानं आपल्या जन्मात अशी ओळ लिहिली नव्हती.

कुमुद बाही खाली ओढून जागेवर गेली. घरी तिचं काय झालं असेल, आंघोळीचं पाणी तापलं की भांडण, हे वेणूनं कधी विचारलं नाही. पुढे त्या मैत्रिणी झाल्या असंही नाही. तेवढं गोड काही घडलं नाही. पण दुसऱ्या फेरीत मोजायची पाळी कुमुदची होती, तेव्हा तिनं पिशवी उघडली नाही.

जर्नल घेऊन वेणू बाकावर येऊन बसली. पलीकडे गिरणी धडधडत होती. सरांनी खडू उचलून पुढचा धडा सुरू केला, अवधान, म्हणजे लक्ष देणं. वेणूनं लिहायला पेन उघडलं. दिलशादनं बाकाखालून तिचा लिहिता हात पकडला, घट्ट धरून ठेवला, आणि लिहिता येईना तेव्हा वेणू नुसती ऐकत राहिली.